दोन बोटे आणि बारीक तारा

१९२८ सालचा हिवाळा तोंडावर आला होता. पॅरिसच्या वेशीबाहेर, शहराच्या जुन्या तटबंदीलगतच्या मोकळ्या पट्ट्यात, भटक्या रोमा कुटुंबांच्या चाकांवरच्या घरांचा तळ पडला होता. त्यातल्या एका लाकडी गाडीत अठरा वर्षांचा जँगो राइनहार्ट रात्री उशिरा वादनाचा कार्यक्रम आटोपून परतला. त्याची तरुण पत्नी सेल्युलॉइडची कृत्रिम फुले करून विकत असे आणि त्या फुलांचा ढीग गाडीत पडलेला होता. उजेडाला मेणबत्ती होती. तिची ठिणगी फुलांवर पडली. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते, त्यामुळे ते पेटत नाही, भडकते. क्षणात गाडीभर आग पसरली. पती-पत्नी दोघेही बाहेर पडले. पण घोंगडी अंगावर ओढून ज्वाळांतून वाट काढताना जँगोचा डावा हात आणि उजवा पाय खोलवर भाजला.

त्याचा डावा हात म्हणजे त्याची रोजीरोटी होती. २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधल्या लिबर्शी या खेड्यात, प्रवासात असलेल्या मानूश रोमा कुटुंबात तो जन्मला. शाळा त्याने जवळजवळ पाहिलीच नाही. लिहिणे-वाचणे त्याला येत नव्हते आणि संगीताची लिपी तर आयुष्यभर आली नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती बँजो-गिटार पडली. हे वाद्य दिसायला बँजोसारखे, पण त्याला गिटारच्या सहा तारा. ऐकून ऐकून, दुसऱ्यांची बोटे पाहून तो शिकला. मिसरूड फुटण्याआधीच तो पॅरिसच्या नृत्यगृहांत अकॉर्डियनवाल्यांना साथ करू लागला. १९२८ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. त्याच सुमारास जॅक हिल्टन या नामवंत ब्रिटिश वाद्यवृंदप्रमुखाने त्याला ऐकले आणि आपल्याकडे येण्याचे आमंत्रण दिले. आमंत्रण हाती असतानाच ही आग लागली.

हाताची कातडी आणि तिच्याखालच्या दोऱ्या

भाजण्याची तीव्रता केवळ किती भाग भाजला यावर ठरत नाही, किती खोल भाजला आणि कुठे भाजला यावरही ठरते. तळहाताची त्वचा जाड असते, तिच्याखाली चरबीची गादी असते. हाताच्या मागच्या बाजूची त्वचा मात्र पातळ आणि सैल. तिच्या लगेच खाली बोटे सरळ करणाऱ्या कंडरा असतात. मूठ वळून पाहिली की त्या दोऱ्यांसारख्या दिसतात. इथे खोल भाजले, की त्वचेबरोबर या कंडरांनाही इजा होते. मग बोट वाकवता येते, पण सरळ करता येत नाही. जखम भरताना तयार होणारा व्रण आकसत जातो आणि बोटाला वाकलेल्या स्थितीतच जखडतो. वैद्यकीय भाषेत याला व्रण-आकुंचन म्हणतात. अॅसिडने, तेलाने, स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्यांमध्ये आजही ते दिसते.

जँगोच्या बाबतीत डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका अशीच वाकून बसली. तर्जनी, मधले बोट आणि अंगठा वाचले. पायाची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी पाय कापण्याचा विचार बोलून दाखवला. जँगोने आणि त्याच्या माणसांनी नकार दिला. प्रतिजैविके अजून वापरात आली नव्हती, त्यामुळे हा नकार जिवावरचा जुगार होता. तो यशस्वी झाला एवढेच. सुमारे दीड वर्ष उपचारांत आणि सक्तीच्या विश्रांतीत गेले. पुढे तो काठीच्या आधाराने चालू लागला. हाताचे काय होणार, हा प्रश्न मात्र तसाच होता. हा मुलगा पुन्हा वाजवू शकणार नाही, हेच त्या काळचे सर्वसाधारण वैद्यकीय अनुमान होते, आणि हात पाहता ते चुकीचे म्हणता येत नाही.

याच दिवसांत धाकटा भाऊ जोसेफ त्याच्यासाठी गिटार घेऊन आला. बँजोचा आवाज कर्कश. रुग्णांच्या खोलीत तो चालण्यासारखा नव्हता. गिटारचा आवाज मऊ होता. जँगोने ती मांडीवर घेतली आणि दोन बोटांनी सुरुवातीपासून शिकायला घेतले.

आज हाताच्या भाजलेल्या रुग्णाला जखम आटोक्यात आली की लवकरात लवकर हालचाल करायला लावतात. बोटे योग्य स्थितीत राहावीत म्हणून स्प्लिंट बांधतात, व्रण मऊ राहावा म्हणून दाब देणारे हातमोजे देतात, गरज पडल्यास त्वचारोपण करतात. व्रण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते आणि त्या काळात रोजचा व्यायाम चुकवायचा नसतो. यातले जँगोला फारसे काही मिळाले नाही. पण एक गोष्ट त्याने आपणहून केली, जी फिजिओथेरपिस्ट रुग्णांकडून मोठ्या मिनतवारीने करून घेतात. नेमकी, अर्थपूर्ण, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल, आणि तीही दिवसाचे कित्येक तास.

तारेचे गणित

दोन बोटांनी चार बोटांचे काम करायचे, तर प्रत्येक बोटाला दुप्पट धावावे लागणार. मग तार दाबायला किती जोर लागतो, याला महत्त्व येते. इथे थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागेल.

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे वजन. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ मध्ये हे नियम ग्रंथात मांडले. लांबी तीच ठेवली आणि स्वरही तोच हवा असेल, तर जाड तारेला जास्त ताणावे लागते, बारीक तारेला कमी. हा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजारांशात मोजतात. पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार १० हजारांश इंचाची, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, असू शकते किंवा १३ हजारांशाचीही. आकड्यांत फरक फक्त तिनाचा, जाडीत ३० टक्क्यांचा. पण ताणातला फरक जवळजवळ ७० टक्के पडतो. जँगोने पुढे वापरलेल्या गिटारच्या लांबीवर १० ची तार सुमारे आठ किलो ताण घेते, तर १३ ची तार सुमारे तेरा किलो. तार पट्टीपासून सारख्याच उंचीवर असेल, तर बोटाने दाबायचा जोरही याच प्रमाणात वाढतो. तार बाजूला ओढून स्वर चढवायचा किंवा हलवून कंप द्यायचा, तरी हाच हिशोब लागतो. सतार-तंबोऱ्याच्या तारा नंबर पाहून निवडणाऱ्या मिरजेच्या कारागिरांना हे गणित कागदावर मांडून दाखवावे लागणार नाही. त्यांच्या बोटांना ते ठाऊक असते.

मग सगळेच बारीक तार का लावत नाहीत? कारण हलकी तार वाद्याच्या लाकडाला कमी हलवते, आवाज लहान होतो. जोरात छेडली तर ती पट्टीवर आपटून खरखरते. ध्वनिवर्धक नसलेल्या दालनात, नाचणाऱ्यांच्या गलक्यात, गिटारवाल्याला ऐकू जाण्यासाठी जाड तारा लावाव्या लागत. म्हणजे दुखऱ्या हाताची गरज एक आणि श्रोत्यांची गरज बरोबर उलटी. जँगोपुढचा पेच हाच होता.

तो सुटला तो दोन बाजूंनी. पॅरिसच्या सेल्मर कंपनीने १९३२ मध्ये मारिओ माकाफेरी या इटालियन वादक-कारागिराच्या आराखड्यावरून नव्या धर्तीची गिटार बाजारात आणली. तिची पेटी मोठी, वरचे लाकूड पातळ आणि आवाज धारदार, लांब पोहोचणारा होता. पोलादी गाभ्यावर चांदीचा मुलामा दिलेले तांबे गुंडाळलेल्या हलक्या तारा तिला चांगल्या मानवत. जँगोच्या गिटारवर अशाच तारा असत असे जाणकार सांगतात, आणि त्याच्या परंपरेत वाजवणारे आजही पहिली तार १० किंवा ११ ची लावतात. ही झाली वाद्याची बाजू. दुसरी बाजू उजव्या हाताची. तो हात धड होता. जाड, न वाकणारी नखी घेऊन जँगो मनगट मोकळे ठेवून जोरकस आघात करी. डाव्या हाताची उणीव उजव्या हाताने आणि वाद्याने मिळून वाटून घेतली.

योगायोग असा, की माकाफेरी स्वतः मैफली करणारा गिटारवादक होता आणि १९३३ मध्ये पोहताना झालेल्या अपघातात त्याच्या हाताला दुखापत झाली. त्याचे वादन जवळपास थांबले आणि तो कारागिरीत रमला.

दोन बोटांची नवी वाट

१९३१ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तूलाँ इथे एमिल साव्हित्री या चित्रकाराने जँगोला लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकवल्या. अमेरिकेतले जॅझ त्याच्या कानावर पडले आणि त्याला पुढची दिशा मिळाली. १९३४ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलात तो ज्या वाद्यवृंदात वाजवी, त्यातच स्तेफान ग्रापेली हा व्हायोलिनवादक होता. ग्रापेलीच्या व्हायोलिनची तार तुटली, ती बदलून तो पडद्यामागे सूर जुळवत बसला असता जँगोने गिटारवर काहीतरी छेडले, ग्रापेलीने साथ दिली, आणि तिथूनच जोडी जमली, असे सांगतात. दोघांबरोबर आणखी दोन गिटार आणि एक डबल बास; ढोल नाही, ट्रम्पेट नाही. केवळ तारांच्या वाद्यांचा हा जॅझ संच ‘क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स’ या नावाने युरोपभर गाजला.

या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारे वेगवान तुकडे तर्जनी आणि मधले बोट या दोघांनीच वाजवलेले आहेत. इतर वादक चारही बोटे वापरून पट्टीवर आडवे, एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जातात. जँगो हात पट्टीवर लांबीने पळवी. एकाच तारेवर खाली-वर सरकत जाई. वाकलेली करंगळी आणि अनामिका त्याने टाकून दिली नव्हती. स्वरसंगती धरताना ती दोन्ही बोटे वरच्या बारीक तारांवर टेकवून ठेवता येत. तिथे त्यांना हलायचे नसे, नुसते दाबून राहायचे असे. तार हलकी असल्याचा फायदा इथेही होताच. खालच्या जाड तारेसाठी तो अंगठा पट्टीवरून वळवून आणी. अपंगत्व झाकण्यासाठी काढलेल्या या वाटा पुढे गिटारवादनाची एक स्वतंत्र शैली झाल्या. दहाही बोटे शाबूत असलेली मुले आज ती शैली शिकतात.

हे मेंदूत कसे घडत असावे, याचा उलगडा बराच नंतर होऊ लागला. १९९५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली. डाव्या हाताच्या बोटांचे संवेदन टिपणारा मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात तो अधिक ठळक होता. मेंदूतला हाताचा नकाशा कायमचा कोरलेला नसतो. वापर बदलला की तो बदलतो. जँगोने बालपणीच बोटे घडवली होती आणि अठराव्या वर्षी त्यांना नव्याने कामे वाटून दिली. पक्षाघातानंतर हाताचा व्यायाम करणाऱ्या साठीतल्या माणसाचा मेंदूही याच क्षमतेच्या आधारे सुधारतो, फक्त वेग कमी असतो.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा संच लंडनमध्ये होता. ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. नाझींनी युरोपात लाखो रोमांचा संहार केला. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये जँगो मात्र लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि १९४० मधली त्याची ‘न्युआज’ ही रचना घराघरांत पोहोचली होती. पण ही सुरक्षितता उसनी होती. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये निसटण्याचा प्रयत्न केला. तो पकडला गेला आणि नशिबाने सुटला. १९४६ मध्ये तो ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर अमेरिकेत फिरला. तिथे विजेवर चालणारी गिटार त्याच्या हाती आली आणि नंतरच्या वर्षांत तो ती अधिकाधिक वापरू लागला. आवाज वाढवायचे काम आता यंत्र करणार होते, त्यामुळे हलकी तार आणि मोठा आवाज यांतले जुने वैर संपले.

जँगोची कहाणी इंग्लंडमध्ये एका कामगाराच्याही उपयोगी पडली. बर्मिंगहॅममधला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात नेमका उजवाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची तबकडी ऐकवली आणि त्या दोन बोटांची गोष्ट सांगितली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली. बाजारात पुरेशा हलक्या गिटारच्या तारा मिळेनात, तेव्हा त्याने बँजोच्या तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल करून खालच्या स्वरात वाजवू लागला. ‘ब्लॅक सबाथ’चा तो जड, गडद नाद काही अंशी दुखऱ्या बोटांच्या या सोयीतून आला.

ज्यांची बोटे दुखतात

हात लहान असलेली मुले, पन्नाशीनंतर हौसेने गिटार घेणारे, संधिवाताचे आणि जुन्या दुखापतीचे रुग्ण यांनी यातून एक साधी गोष्ट घ्यावी. साध्या गिटारला बहुधा १२ पासून सुरू होणारा तारांचा संच असतो. ११ किंवा १० चा संच मागितला तर मिळतो. जोर कमी लागतो, आवाज थोडा उतरतो, घरच्या रियाजाला तो पुरतो. ताण कमी झाल्यावर गिटारची दांडी किंचित सरळ होते आणि तारा खरखरू शकतात, म्हणून तारा बदलल्यावर वाद्य जाणकाराकडून एकदा जुळवून घ्यावे. तारा पट्टीपासून फार उंच असतील, तर बारीक तारांचाही फायदा निम्मा वाया जातो. बोटांच्या टोकांची सुरुवातीची हुळहुळ काही आठवड्यांत घट्टे पडून थांबते. पण रात्री हाताला मुंग्या येणे, बोट वाकून अडकणे, सांधा सुजणे ही घट्ट्यांची लक्षणे नव्हेत. ती दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्यांच्यात बोट अडकण्याचा त्रास अधिक आढळतो.

भाजल्यावर पहिली वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली भाग धरावा, अंगठी-बांगड्या लगेच काढाव्यात, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. हात भाजला असेल, तर जखम भरली म्हणून उपचार संपले असे समजू नये. बोटांचे भवितव्य त्यानंतरच्या वर्षभरात ठरते.

१९५१ मध्ये जँगो सेन नदीकाठच्या सामवा या गावी राहायला गेला. मासे पकडावे, चित्रे काढावीत, मनात आले तर पॅरिसला जाऊन वाजवावे, असा त्याचा क्रम होता. अखेरच्या काळात त्याचे डोके दुखे, पण तो डॉक्टरकडे जायला तयार नसे असे त्याच्या चरित्रांत येते. तरुणपणी पाय कापण्याला दिलेला नकार त्याच्या पथ्यावर पडला होता. या वेळच्या नकाराने त्याला तारले नाही. १६ मे १९५३ रोजी स्टेशनवरून घरी परतताना तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो शनिवार होता आणि डॉक्टर यायला फार वेळ गेला. फाँतनब्लोच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. वय होते ४३.

त्या वेळी मेंदूचा सीटी स्कॅन नव्हता, रक्तदाबावरची आजची औषधे नव्हती. आज आहेत. चाळिशीच्या आसपास रक्तदाब मोजून घ्यावा. वारंवार किंवा नव्याने सुरू झालेली डोकेदुखी गोळ्या खाऊन ढकलू नये. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक असह्य डोके दुखणे यांपैकी काहीही दिसले तर वार आणि वेळ न पाहता १०८ ला फोन करावा.

जँगोची सेल्मर गिटार, क्रमांक ५०३, त्याच्या पत्नीने पॅरिसच्या संगीत संग्रहालयाला दिली. ती तिथे जपून ठेवलेली आहे.